फ्लाइंग फ्ली (लष्करी हलकी मोटारसायकल)

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांसाठी रॉयल एनफिल्डने बनवलेल्या १२५ सीसी टू-स्ट्रोक मोटारसायकलचे हे टोपणनाव. शब्दशः अर्थ ‘उडती पिसू’. लष्करी दफ्तरातले नाव डब्ल्यूडी/आरई. वजन सुमारे ५९ किलो, म्हणजे कुंपण किंवा खड्डा आडवा आला तर सैनिकांनी उचलून पलीकडे न्यावी इतकेच. लोखंडी नळ्यांच्या पिंजऱ्यात बसवून ती पॅराशूटने खाली सोडत किंवा ग्लायडरमधून नेत. तुकड्यांमध्ये निरोप पोचवणे हे तिचे मुख्य काम.

तिचा जन्म मात्र लष्करात झाला नाही. जर्मन डीकेडब्ल्यू कंपनीची ९८ सीसीची आरटी १०० ही गाडी नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमची स्टोक्विस ही पेढी विकत असे. पेढीच्या संचालकांत ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत तिची एजन्सी काढून घेण्यात आली. पेढीने मग रॉयल एनफिल्डला तशीच, पण १२५ सीसीची गाडी बनवायला सांगितले, आणि १९३९ च्या वसंतात नमुने रॉटरडॅममध्ये दाखवले गेले. वंशद्वेषाने हिरावलेल्या धंद्यातून जन्मलेली गाडी पुढे नाझींविरुद्धच्या लढाईत उतरली, ही गोष्ट या नोंदीत यायलाच हवी.

ओळख पटवणे : युद्धानंतर शिल्लक गाड्या सामान्य लोकांना विकल्या गेल्या, आणि त्याच घडणीचे नागरी मॉडेलही बाजारात आले. त्यामुळे नुसत्या आकारावरून लष्करी गाडी ओळखता येत नाही. पुढच्या फोर्कला स्प्रिंगऐवजी रबरी पट्टे, मागे सस्पेन्शन नाही, टाकीच्या बाजूला हाताने टाकायचे तीन गिअर, ५४ × ५५ मिमीचे बोअर-स्ट्रोक (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव), हे सगळे नागरी गाडीतही सापडते. जेम्स एमएल या त्याच काळातल्या दुसऱ्या ब्रिटिश लष्करी हलक्या मोटारसायकलशी गल्लत होऊ नये म्हणून इंजिन पाहावे : जेम्सचे इंजिन व्हिलिअर्स कंपनीचे, ५० × ६२ मिमी. इंजिन आणि चेसिसचे क्रमांक जुळले नाहीत तर लगेच गाडी बनावट ठरवू नये. लष्करी वर्कशॉपमध्ये इंजिने सर्रास बदलली जात.

खरा पुरावा रंगाखाली असतो. टाकीवर ‘सी’ अक्षर आणि पुढे आकडे असा लष्करी नोंदणी क्रमांक रंगवलेला असे. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून टाकीच्या कडेला रुपयाएवढ्या जागेत हळूहळू घासले, की थर एकामागून एक उघडे पडतात : वर नंतरच्या मालकाचा चकचकीत रंग, त्याखाली लष्करी मॅट रंग, मग प्रायमर, मग पत्रा. हिरव्या रंगद्रव्याची टंचाई झाल्यावर ब्रिटिश सैन्याने एससीसी २ (एससीसी ही लष्करी रंगांची क्रमवारी) हा तपकिरी रंग घेतला आणि १९४४ पासून एससीसी १५ हा ऑलिव्ह रंग. कुठला रंग खाली आणि कुठला वर, यावरून गाडीच्या काळाचा अंदाज येतो. म्हणून आणल्याबरोबर सगळे सुटे करून सँडब्लास्टिंगला (वाळूच्या माऱ्याने रंग उडवायला) पाठवणे ही या कामातली सर्वांत मोठी चूक. एका दुपारीत पुसला गेलेला पुरावा परत मिळत नाही.

दुरुस्ती : नट-बोल्ट ब्रिटिश मापांचे असतात, मिमीचा पाना लावला की कोपरे गोल झालेच. फ्लायव्हील हातोडीने ठोकून न काढता पुलरने (ओढून काढायच्या हत्याराने) काढावे, आणि बाहेर असताना त्यातल्या चुंबकावर लोखंडी पट्टी ठेवावी. नाहीतर चुंबक कमजोर होऊन स्पार्क फिका पडतो. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचे मिश्रण क्रँककेसमधूनच (इंजिनच्या खालच्या पेटीतूनच) जाते, त्यामुळे सील किंवा जोड हवा घेत असेल तर कार्ब्युरेटर कितीही साफ करा, किक मारून पाय दुखतील. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते, हे राजदूत चालवलेल्यांना सांगायला नको. रबरी पट्टे कडक झाले असतील तर बिनदिक्कत बदलावेत. क्रोम मात्र कुठेही करू नये. ही युद्धकाळातली गाडी आहे, आणि चमक तिला परकी आहे.

भारतात : २०१८ मध्ये रॉयल एनफिल्डने या गाडीच्या स्मरणार्थ क्लासिक ५०० पेगासस ही मर्यादित आवृत्ती काढली. जगभरात १,००० गाड्या, त्यांतल्या २५० भारतासाठी. परदेशात ती तपकिरी आणि ऑलिव्ह अशा दोन रंगांत मिळाली, भारतात फक्त तपकिरी. कारण आपल्याकडे ऑलिव्ह ग्रीन संरक्षण दलांच्या वाहनांसाठी राखीव आहे. इथे अशी जुनी गाडी रस्त्यावर आणायची झाली तर रंग निवडताना हीच अडचण येते, आणि एससीसी २ चा तपकिरी रंग हा अस्सल तसाच कायदेशीर मार्ग उरतो.