मास्क आधी नाकाने ओढून बघा

चोर्ल्याचा घाट उतरला की गोवा, आंबोलीचा उतरला की सावंतवाडी, कुडाळ आणि पुढे मालवण. बेळगाव-खानापूरच्या माणसाला समुद्र तसा लांब नाही. पण इकडचं पोहणं बहुतेकांचं विहिरीतलं. पाठीला डबा बांधून शिकलेलं, मान वर काढून हात मारायचं. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ प्रवाळ बघायला उतरलं की हीच सवय आड येते. डोकं पाण्याबाहेर धरलं की पाय खाली जातात आणि माणूस दमतो. स्नॉर्कलिंगमध्ये, म्हणजे डोळे-नाक झाकणारा मास्क लावून आणि तोंडात श्वासाची नळी धरून पाण्याखालचं बघताना, चेहरा पाण्यातच ठेवून तरंगायचं असतं, त्यामुळे पोहणं जेमतेम असलं तरी निभतं. सामान मात्र अंगाला बसणारंच लागतं.

"घरात पोहण्याचा गॉगल पडलाय, तोच नेतो," असं हमखास कुणीतरी म्हणतं. नेऊ नका. पाण्यात उघड्या डोळ्यांना धूसर दिसतं, कारण प्रकाश वळवण्याचं मोठं काम डोळ्याचा सर्वांत बाहेरचा पारदर्शक पडदा करतो. त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याचं माप, सुमारे १.३८ आणि पाण्याचा १.३३. फरक इतका थोडा की पाण्यात ते काम जवळपास बंदच पडतं. मध्ये हवेचा थर आला की नजर परत येते. फक्त वस्तू एक-तृतीयांशाने मोठ्या आणि एक-चतुर्थांशाने जवळ भासतात. एवढं गॉगलनेही होतं. पण पाण्यात दर मीटरला दाब वातावरणाच्या साधारण दहाव्या हिश्श्याने वाढतो. मासा बघायला दोन मीटर खाली गेलात तर गॉगलमधली हवा आक्रसते आणि डोळे बाहेर ओढल्यासारखे होतात. मास्कमध्ये नाकही आत असतं, त्यातून थोडी हवा सोडली की दाब जुळतो.

मास्क घेताना किंमत नंतर बघा. पट्टा डोक्यामागे न घेता तो नुसता चेहऱ्याला टेकवा, कपाळावरचे केस बाजूला करा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क तसाच चिकटून राहिला पाहिजे. कुठून तरी सूं करून हवा शिरली तर तो तुमच्या चेहऱ्याचा नाही. पट्टा आवळून काही होत नाही, उलट कड मुडपून जास्त पाणी येतं. आपल्याकडच्या मिशांची इथे पंचाईत होते, कारण केसांच्या मधून पाणी बरोबर वाट काढतं. मिशी उतरवा असं सांगायची माझी छाती नाही, पण नाकालगत कडेपुरती पट्टी बारीक केली तरी बराच फरक पडतो. चष्म्याच्या काड्याही अशीच फट पाडतात. नंबर जास्त असेल तर नंबरच्या काचा बसवता येणारा मास्क घ्यावा. उणे एकच्या आसपास असेल तर बिनचष्म्याचंही चालून जातं. कड सिलिकॉनची आणि काच टेम्पर्ड, म्हणजे तापवून कणखर केलेली असावी, बाकी रंग वगैरे हौसेचा भाग.

नव्या मास्कवर हटकून धुकं धरतं. श्वासातली आणि त्वचेची वाफ थंड काचेवर बारीक थेंबांनी जमते आणि प्रत्येक थेंब प्रकाश विखरतो. नव्या काचेवर कारखान्यातला पातळ थर उरलेला असतो, तो साध्या पांढऱ्या टूथपेस्टने बोटाने घासून काढायचा. मग उतरण्याआधी लहान मुलांच्या शांपूचा एक थेंब आतून फिरवून विसळला की पृष्ठताण कमी होतो, पाणी थेंब न धरता सलग पसरतं आणि आरपार दिसतं. थुंकीनेही तेच होतं.

आता नळी. ती जेमतेम हातभर असते, आणि लांब केली तर खोलवरून श्वास घेता येईल असं पुष्कळांना वाटतं. एक मीटर खाली छातीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १०० ग्रॅमचा जादा भार येतो, आणि नळीतली हवा तर वरच्याच दाबाची. निरोगी माणसाने सगळा जोर लावला तर एखादा श्वास ओढता येईल, दुसऱ्याला छाती हात टेकते. शिवाय शिळ्या हवेचा हिशेब आहेच. साध्या श्वासात आपण साधारण ५०० मिलिलिटर हवा घेतो. त्यातली १५० श्वासनलिकांतच राहते. ४० सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर रुंद पोकळीच्या नळीत आणखी १२५ अडकते. म्हणजे ताजी हवा २२५. घाबरून ३०० चे उथळ श्वास सुरू केले तर ताजी हवा उरते २५. म्हणून नळीतून सावकाश, खोल श्वास घ्यायचा.

पूर्ण चेहरा झाकणारे मास्क हल्ली ऑनलाइन फार दिसतात. नवख्याला मी ते सुचवणार नाही. आतली जागा मोठी असल्याने झडपा नीट चालल्या नाहीत तर सोडलेलीच हवा परत आत येते. साधी नळी घाबरल्यावर थुंकून टाकता येते, हा मात्र पट्टे सोडवूनच काढावा लागतो.

फिन्स, म्हणजे पायात घालायची रबरी वल्ही, आखूड आणि टाच झाकणाऱ्या पुरेत. लाइफ जॅकेट घालाच. समुद्राचं पाणी घनमीटरला सुमारे १,०२५ किलो आणि गोडं १,००० किलो. म्हणून हिडकल धरणाच्या पाण्यापेक्षा समुद्रात ६० किलोच्या माणसाला दीडेक किलोचा जादा आधार मिळतो, पण लाटेत तेवढ्यावर विसंबता येत नाही. पाठ उन्हात उघडी राहते, तिला लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट बरा. हवाई बेटांवर प्रवाळाला घातक म्हणून ऑक्सिबेन्झोन हे रसायन असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी आहे. कपड्याला तो प्रश्नच नाही.

भाड्याचा मास्क मालवणला मिळतो, पण स्वतःचा घेतला असेल तर जाण्याआधी जलतरण तलावाच्या उथळ बाजूला तासभर घाला. नळीत मुद्दाम पाणी घ्या आणि जोरात फुंकून बाहेर काढा. तोंडाने श्वास घ्यायची सवय लागेपर्यंत पाय जमिनीला टेकलेले बरे.