तुमच्या कुंपणातली गटाराची लाइन: तपासणी, नोटीस आणि दुरुस्ती

गेटवर खात्याचे दोघेजण उभे असतात. एकाच्या हातात फाइल, दुसऱ्याच्या हातात झाकण उचलायची पहार. ‘तुमचो चेंबर खंय आसा?’ प्रश्न एवढाच, पण बरीच घरं तिथेच अडकतात. चेंबर, म्हणजे गटाराची लाइन उघडून बघायचा झाकणाचा खड्डा, आजोबांच्या वेळचा. नंतर अंगणात पेव्हर बसले, पेव्हरवर कुंड्या आल्या, आणि झाकण नेमकं कुठे होतं हे सांगणारं माणूस आता घरात नाही. मग आम्हाला फोन येतो: ‘उद्यापर्यंत चेंबर शोधून द्या.’

हे पत्रक त्या फोनच्या आधी वाचण्यासाठी आहे. आमचा धंदा गटाराच्या लाइनी तपासण्याचा आणि दुरुस्त करण्याचा. तरी खाली काही ठिकाणी आम्ही ‘आम्हाला बोलावू नका’ असंही सांगितलं आहे, ते मनापासून.

तुमचं कुठवर, खात्याचं कुठून

संडासाचा पाइप थेट चेंबरमध्ये जातो. न्हाणीचं आणि स्वयंपाकघरातल्या मोरीचं पाणी आधी गली ट्रॅपमध्ये (तळाशी पाणी धरून वास परत येऊ न देणारी कुंडी) आणि तिथून चेंबरमध्ये. एका चेंबरमधून दुसऱ्यात, असं करत लाइन कुंपणाजवळच्या शेवटच्या चेंबरपर्यंत पोचते. तिथपर्यंतचं सगळं तुमचं: पाइप, झाकणं, ट्रॅप, तुंबणं आणि खर्चसुद्धा. रस्त्यातली मुख्य मलवाहिनी आणि तिचे मॅनहोल सरकारी. मधला तुकडा रस्त्याखालून जातो, त्याला परवानगीशिवाय हात लावायचा नाही. रस्ता पंचायतीचा, पालिकेचा की बांधकाम खात्याचा, हे आधी बघावं लागतं. पावसाळ्यात तर रस्ता खोदायची परवानगी सहसा मिळतच नाही.

लाइन तुंबली की पहिलं काम एकच: शेवटच्या चेंबरचं झाकण उघडून बघा. तो काठोकाठ भरलेला असेल तर अडथळा पुढे आहे, बहुधा मुख्य लाइनीत. तक्रार सांडपाणी विभागाच्या कार्यालयात करा, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. आम्ही येऊन काही उपयोग नाही. तो कोरडा असेल आणि घरातला संडास मात्र उतू जात असेल, तर दोष तुमच्या हद्दीत आहे. एवढी पाच मिनिटं आपण काढलीत तर आमचं एखादं गिऱ्हाईक कमी होईल, होऊ दे.

एक अपवाद आहे. पणजीच्या सखल भागात मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की मुख्य लाइनच फुगते आणि शेवटचा चेंबर भरून येतो. ओहोटीला तो आपोआप उतरत असेल तर घरातले पाइप फोडू नका. कधी भरला, कधी उतरला याची वेळ कागदावर लिहून ठेवा. तक्रार करताना तोच कागद सर्वांत जास्त कामी येतो.

आत येऊन बघायचा अधिकार कोणाला

‘आमच्या कुंपणात यायचा यांना काय अधिकार?’ असं रागाने विचारणारे ग्राहक आम्हाला भेटतात. अधिकार आहे. गोव्यात १९८५ चा सार्वजनिक आरोग्य कायदा आहे, त्याखाली आरोग्य अधिकारी उपद्रवाची पाहणी करून मालकाला नोटीस देऊ शकतो. शेजाऱ्याने दुर्गंधीची तक्रार आरोग्य केंद्रात दिली की सॅनिटरी इन्स्पेक्टर येतो तो याच वाटेने. मलवाहिनीसाठी २००८ चा वेगळा राज्य कायदा आहे. रस्त्यातली लाइन घरापर्यंत पोचली असेल तर जोडणी घेणं मालकाला बंधनकारक आहे. ‘आमची सेप्टिक टँक चांगली चालते’ हे उत्तर तिथे चालत नाही. नाल्यात किंवा नदीत मैला सोडल्याचा संशय असेल तर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची माणसंही येतात.

आलेल्या माणसाचं ओळखपत्र जरूर मागा, पण त्याला अडवू नका. अडवलं की साधी पाहणी पुढे भांडण होते, आणि नोटीस तरीही येतेच.

खाती तपासतात आणि दोष दाखवतात. दुरुस्ती मालकाने करायची. मुदतीत केली नाही तर काम त्यांनी करून खर्च तुमच्याकडून वसूल करायचा, ही पुढची पायरी. तिथवर जाऊ देऊ नका. खात्याने केलेल्या कामात पाइप कुठला, टाइल्स कोणत्या, हे ठरवायला तुम्ही नसता.

बहुतेक वेळा सापडतं ते काय

फुटका पाइप नव्हे. सापडतं ते पावसाचं पाणी.

गच्चीचा किंवा अंगणाचा पाइप कोणीतरी सोयीसाठी मैल्याच्या चेंबरमध्ये सोडलेला असतो. ‘पाणीच तर आहे, उलट लाइन धुऊन निघते,’ हे आम्ही इतक्यांदा ऐकलं आहे की आता हिशेबच मांडून दाखवतो. १०० चौरस मीटरची गच्ची, तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस. आपल्याकडे जून-जुलैत असा पाऊस काही नवलाचा नाही. त्या एका तासात गच्चीवरून ५,००० लिटर पाणी उतरतं. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी लागतं असं धरून शहरी पाणीपुरवठ्याची आखणी करतात. म्हणजे पाच माणसांच्या घराचा आठवड्याचा सगळा वापर तुमची गच्ची एका तासात लाइनीत ओतते. पणजीचा मैला टोंकच्या प्रक्रिया केंद्रात जातो. तिथला २००५ मध्ये सुरू झालेला प्रकल्प दिवसाला सव्वा कोटी लिटरचा. गल्लीतल्या वीस गच्च्यांनी असंच केलं तर टोंकला पोचायच्या आधीच सखल भागातल्या कोणाच्या तरी न्हाणीत मैला वर येतो. तो ‘कोणीतरी’ मग तक्रार करतो, आणि गेटवर दोघेजण उभे राहतात.

याच्या उलटा प्रकार जास्त वाईट आणि बहुतेकांना ठाऊकही नसलेला: सांडपाणी पावसाच्या गटारात. फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीन बाल्कनीत ठेवलं जातं आणि त्याची नळी बाल्कनीच्या पावसाळी पाइपात खुपसली जाते. तो पाइप खाली उघड्या गटाराला मिळतो, गटार नाल्याला आणि नाला मांडवीला. सांत इनेजच्या नाल्याचा वास सगळ्यांना येतो, पण आपल्या मशीनचा फेस त्यात आहे असं कोणाला वाटत नाही. हे दुरुस्त करायला एक ट्रॅप आणि थोडा पाइप लागतो, एका दिवसाचं काम.

तिसरी गोष्ट, जोडणी घेतल्यावरही जुनी सेप्टिक टँक मध्येच ठेवलेली. मैला आधी टाकीत, टाकीतून लाइनीत. असं करू नका. टाकी टँकर बोलावून रिकामी करायची, पाइप तिला वळसा घालून थेट न्यायचा, आणि टाकी माती-रेतीने भरून टाकायची. रिकामी सोडलेली टाकी पुढे कोणाचा तरी पाय आत जाईपर्यंत कोणाच्या लक्षात राहत नाही.

लाइन नसलेल्या गावात अर्थातच टाकी आणि सोकपिटच (टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा). तिथे तपासणीत पहिलं विचारतात ते विहिरीपासूनचं अंतर, किमान १५ मीटर. तुमची विहीर लांब असली तरी शेजाऱ्याची विहीर मोजायला विसरू नका.

आधी बघा, मग खणा

हा धडा आम्ही स्वतःच्या पैशाने शिकलो. काही वर्षांपूर्वी पणजीतल्या एका जुन्या घराला नोटीस आली होती. मालक म्हणाले, मागच्या भिंतीला ओल आहे, तिथेच फुटलं असणार. आम्हालाही पटलं. नव्या टाइल्स फोडल्या, तीन फूट खाली गेलो, पाइप ठणठणीत. ओल गच्चीची होती. खरा दोष निघाला चार मीटर अलीकडे, गेटजवळ. कुंपणाच्या चिऱ्यांच्या फटीत पिंपळाचं हातभर रोप उगवलं होतं. त्याचं मूळ भाजक्या मातीच्या जुन्या पाइपाच्या सांध्यातून आत शिरलं होतं, आणि आत गंगावनासारखा मुळांचा झुबका लोंबत होता. कापून बाहेर काढला तेव्हा त्यात अडकलेलं प्लॅस्टिक आणि कापूस मोजत बसायची कोणाची इच्छा नव्हती. टाइल्सचे पैसे आम्ही भरले.

तेव्हापासून क्रम ठरलेला आहे. पहिल्यांदा रंग: फ्लशमध्ये रंगीत पाणी सोडायचं आणि कुठल्या चेंबरमध्ये, किती वेळाने उतरतं ते बघायचं. हे तुम्ही घरीही करू शकता, कपड्यांची नीळ पुरते. रंग गटारात किंवा विहिरीत दिसला तर प्रश्नच मिटला. मग आरसा: एका चेंबरमध्ये बॅटरी, दुसऱ्यात आरसा. सरळ आणि मोकळ्या लाइनीत पूर्ण गोल चंद्र दिसतो. अर्धाच दिसला तर पाइप खचला आहे किंवा आत पाणी साचलं आहे. कधी पाइपाच्या व्यासापेक्षा थोडा लहान गुळगुळीत चेंडू वरच्या चेंबरमधून सोडतो. तो खाली स्वतःहून यायला हवा. एवढ्याने कळलं नाही तरच कॅमेरा. कॅमेऱ्याचं चित्रण तुमच्याच फोनवर देतो आणि दोष गेटपासून किती मीटरवर आहे तेही लिहून देतो. ते घेऊन तुम्ही दुसऱ्या प्लंबरकडे गेलात तरी हरकत नाही.

एखादा कंत्राटदार झाकण न उघडता ‘सगळी लाइन बदलावी लागेल’ म्हणाला, तर त्याला चहा द्या आणि पाठवा.

दुरुस्तीत काय बघायचं

ढाळ. बाकी सगळं त्यानंतर. चार इंची पाइपाला ४० ला १, म्हणजे १० मीटर लांबीत २५ सेंटिमीटर उतार. सहा इंचीला ६० ला १ पुरतो, १० मीटरला साधारण १७ सेंटिमीटर. चर बुजवण्याआधी मेस्त्रीला लेव्हल लावून दाखवायला सांगा. ‘पाणी जातं ना, मग झालं’ हे उत्तर घेऊ नका. पाणी जातंच, मैला मागे राहतो.

जमिनीखालच्या लाइनीला घरातल्या भिंतीवरचा करडा पाइप वापरू नका. जमिनीखालच्या मलवाहिनीसाठीचा यूपीव्हीसी पाइप वेगळा असतो, साधारणपणे विटकरी रंगाचा. त्याच्यावर आयएस १५३२८ छापलेलं असतं आणि पुढे एसएन २, ४ किंवा ८. आकडा मोठा तितका पाइप दाबाला कणखर. वरून गाडी जाणार असेल तिथे आम्ही ८ च घालतो. खाली रेतीचा थर, चिऱ्याचे तुकडे नाहीत. आपल्याकडे चर त्याच खणलेल्या चिरेमिश्रित मातीने बुजवायची सवय आहे, आणि तोच टोकदार तुकडा दोन पावसांनी पाइपाला भोक पाडतो.

चर उघडा असतानाच फोटो काढा आणि शक्यतो इन्स्पेक्टरला बोलावून दाखवा. बुजवल्यावर ‘केलं आहे’ म्हणणं आणि उघडं दाखवणं यात फार फरक पडतो. नोटिशीला उत्तर लेखी द्या: काम कधी सुरू केलं, किती दिवस लागतील. मुदत कमी पडत असेल तर संपायच्या आधी मागा.

सोसायटीत कुंपणातली सामाईक लाइन सोसायटीची, तळमजल्यावरच्या माणसाची नव्हे, वास त्यालाच येत असला तरी. भावंडांच्या सामाईक घरात खर्चाची वाटणी काम सुरू होण्याआधी ठरवा. यात आम्ही कधीच पंच होत नाही.

आम्ही माणूस आत उतरवत नाही

चेंबर खोल असो, टाकी लहान असो, ‘पाचच मिनिटं’ असोत. आतला वायू दिसत नाही, आणि पहिल्याला काढायला दुसरा उतरतो तोही बहुतेकदा परत येत नाही. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे: पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कंत्राटदारापुरतं नाही, काम सांगणाऱ्या घरमालकालाही लागू होतं. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. टाकी उपसायची असेल तर सक्शन टँकर मागवा. त्यासाठी १४४२० हा राष्ट्रीय क्रमांक आहे. लाइन मोकळी करायला आमचं जेटिंग मशीन येतं, ते जोराच्या पाण्याने अडथळा फोडतं. ते गल्लीत शिरत नसेल तर लांब नळी आणतो. माणूस मात्र वरच उभा राहतो.

फोन करताना

नोटीस आली असेल तर तिचा फोटो, दोन्ही बाजू. शेवटचा चेंबर उघडून बघितला का, भरला होता की कोरडा. घर किती जुनं, पाइप मातीचे की प्लॅस्टिकचे. कुंपणाजवळ माड, फणस, पिंपळ काय आहे. आणि झाकण कुठे आहे ठाऊक नसेल तर तसं स्पष्ट सांगा, आम्ही ते शोधायचं यंत्र घेऊन येऊ. चतुर्थीच्या आधीच्या पंधरवड्यात मात्र तारीख मिळणं कठीण. पाहुणे यायच्या दोन दिवस आधी सगळ्या पणजीला एकाच वेळी संडास आठवतो.