पार्श्वभूमी : तोतरेपणा, ताल आणि मुलांचा मेंदू

तोतरे बोलणारे मूल गाताना सहसा अडखळत नाही, वर्गात सर्वांबरोबर एका सुरात पाढे म्हणताना अडखळत नाही, आणि ठोक्यागणिक एकेक अक्षर उच्चारत बोलले तर बहुधा तेव्हाही अडखळत नाही. वाचोपचार करणाऱ्यांना ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मात्र ताल मिळाला की बोलणे सुधारते, तर मग त्या मुलाला ताल ऐकून ओळखण्यातच काही अडचण आहे का, हा प्रश्न मुलांची थेट चाचणी घेऊन तपासला गेला तो २०१५च्या सुमारास. मधल्या दोनशे वर्षांत संशोधकांची नजर आधी जिभेवर आणि मग आईवडिलांवर खिळलेली होती. (आपल्याकडे बोबडे आणि तोतरे हे शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात. बोबडे मूल वर्णाचा उच्चार वेगळा करते. तोतऱ्या मुलाला उच्चार येतो, पण तो योग्य क्षणी तोंडातून निघत नाही. येथे जो प्रश्न आहे तो या क्षणाचा.)

माल्झेलने १८१५मध्ये मेट्रोनोमचे, म्हणजे ठरावीक अंतराने ठोके देणाऱ्या यंत्राचे, पेटंट घेतले. संगीताच्या सरावासाठी केलेले हे यंत्र पुढच्या दोन दशकांतच तोतरेपणाच्या उपचारात आले. फ्रान्समधील कोलोंबा या डॉक्टरने त्याच धर्तीचे उपकरण वापरून रुग्णांना ठोक्यावर बोलायला शिकवले. म्हणजे योग्य धागा हाती लागला होता. तरीही १८४१मध्ये बर्लिनचा नामवंत शल्यविशारद डीफेनबाख तोतऱ्या माणसांच्या जिभेच्या मुळावर शस्त्रक्रिया करू लागला, आणि भूल देण्याची सोय नसलेल्या त्या काळात युरोपात इतरांनीही त्याचे अनुकरण केले. दोष जिभेत आहे असे एकदा मानले की तालाने सुधारणा का होते, हे विचारण्याचे कारणच उरत नाही.

विसाव्या शतकात हे संशोधन अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एकवटले. तेथील संशोधक ऑर्टन आणि ट्रॅव्हिस यांचे म्हणणे असे होते की मेंदूच्या दोन अर्धगोलांपैकी एकाचे वर्चस्व पक्के झाले नाही, तर दोन्ही बाजूंच्या स्नायूंना मिळणाऱ्या संदेशांचा मेळ बिघडतो. या कल्पनेत वेळेचा मुद्दा स्पष्टपणे होता, पण तो तपासण्याची साधने नव्हती. पुढे त्याच विद्यापीठातील वेंडेल जॉन्सन यांनी, जे स्वतः तोतरे बोलत, सारा रोख पालकांकडे वळवला : लहान मुलाच्या स्वाभाविक अडखळण्याला मोठी माणसे दोष ठरवतात, आणि त्यातूनच तोतरेपणा जन्मतो. हे सिद्ध करण्यासाठी १९३९मध्ये अनाथाश्रमातील मुलांवर केलेला प्रयोग इतका निर्दय होता की विद्यापीठाने २००१मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली. प्रयोगापेक्षा या मताने केलेले नुकसान कदाचित मोठे असेल, कारण कित्येक आयांनी मुलाच्या तोतरेपणाचा दोष आयुष्यभर स्वतःवर घेतला.

मेट्रोनोमच्या परिणामाचे त्या काळातले सोपे स्पष्टीकरण म्हणजे लक्ष दुसरीकडे वळते, म्हणून माणूस सहज बोलतो. फ्रान्सेला आणि बीच यांनी १९६५मध्ये ते पडताळून पाहिले. ठोके अनियमित अंतराने पडू दिले तर लक्ष तितकेच वळायला हवे, पण तसा फायदा झाला नाही. तो नियमित ठोक्यांनीच झाला. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत नेटका प्रयोग आहे, कारण त्याने गुण लक्ष वळण्याचा नसून पुढचा ठोका कधी पडेल हे आधीच कळण्याचा आहे, हे दाखवून दिले.

मेंदूच्या प्रतिमा घेण्याची सोय झाल्यावर चित्र बदलले. १९९६च्या एका पेट स्कॅन अभ्यासात तोतऱ्या प्रौढांच्या मेंदूतील वेगळी हालचाल समूहवाचनाच्या वेळी बरीच ओसरलेली दिसली. त्यानंतर २००४मध्ये स्वीडनच्या पेर आल्म यांनी विखुरलेले पुरावे एकत्र मांडले. मेंदूच्या खोल भागातील बेसल गँग्लिया एक हालचाल संपताच पुढची सुरू करण्याचा अंतर्गत इशारा देतात. तोतरेपणात हा इशारा कमकुवत पडतो आणि बाहेरचा ठोका त्याची उणीव भरून काढतो, असा त्यांचा तर्क होता. ग्रान आणि ब्रेट यांनी २००७मध्ये, तोतरेपणाशी संबंध नसलेल्या अभ्यासात, दाखवले की नियमित ठेका जाणवेल अशी लय नुसती ऐकतानाही याच भागातील पुटामेन अधिक सक्रिय होतो. सम कुठे येणार हे श्रोत्याला आधीच जाणवते तेव्हा जे घडते, त्याच्याच जवळचे हे आहे. दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवल्यावर पुढचा प्रश्न अटळ होता : तोतरे बोलणाऱ्याला ताल ऐकून ओळखण्यातच अडचण आहे का?

तो मुलांनाच विचारणे आवश्यक होते, कारण प्रौढाच्या मेंदूतला फरक हा तोतरेपणाचे मूळ आहे की वर्षानुवर्षे अडखळण्याशी जुळवून घेतल्याचा परिणाम, हे वेगळे करता येत नाही. मिशिगनमध्ये सू-उन चँग आणि झू यांनी २०१३मध्ये ३ ते ९ वर्षांच्या मुलांच्या मेंदूतील जोडण्या तपासल्या. तोतऱ्या मुलांत बेसल गँग्लियाच्या जाळ्यातील आणि ऐकणे व हालचाल यांना जोडणाऱ्या जाळ्यातील दुवे क्षीण आढळले. वीलँड, मॅकॉली, डिली आणि चँग यांच्या २०१५च्या अभ्यासात मुलांना एक लय दोनदा ऐकवून तिसरी तशीच आहे की वेगळी, एवढेच विचारले. या चाचणीत मुलाला वाक्य बोलायचे नसते, म्हणून बोलण्याच्या भीतीचा किंवा तोंडाच्या स्नायूंचा प्रश्न येत नाही. तरीही तोतरी मुले गट म्हणून मागे पडली. पुढच्याच वर्षी असे दिसले की इतर मुलांत लय ओळखण्याची क्षमता आणि तालाशी संबंधित भागांतील जोडण्यांचे बळ यांचा मेळ बसतो, तोतऱ्या मुलांत मात्र तो बसत नाही.

या निष्कर्षांवरून एखाद्या मुलाबद्दल निदान करता येत नाही. अभ्यासातील गट छोटे होते, आणि ताल उत्तम ओळखणारी तोतरी मुलेही असतात. शिवाय ताल ऐकण्याऐवजी तो हाताने धरण्याचा प्रश्न घेतला, तर पुरावा आणखी डळमळीत होतो. पर्ड्यू विद्यापीठातील संशोधकांनी २०१०मध्ये लहान तोतऱ्या मुलांच्या टाळ्यांत अनियमितता असल्याचे नोंदवले होते. त्याच प्रयोगशाळेने २०१६मध्ये अधिक मुले घेऊन तपासणी केली, तेव्हा दोन गटांत तो फरक उरला नाही, आणि आपला आधीचा निष्कर्ष टिकत नसल्याचे त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केले.