एका बिटची चूक आणि पहिलं बांडगूळ

स्वतःची नक्कल करणारा प्रोग्रॅम लिहिणं तसं फार अवघड नाही. कोडिंगचा बऱ्यापैकी हात असलेला माणूस चार दिवस बसला तर लिहील. खरी अडचण पुढची आहे. नक्कल करताना एखादा आकडा चुकला, तरी प्रोग्रॅम चालत राहिला पाहिजे. ही चूक पचवता आली तरच उत्क्रांती होणार. डिजिटल जीवांचा, म्हणजे संगणकात स्वतःच्या नकला काढत वाढणाऱ्या प्रोग्रॅमांचा, सगळा इतिहास मला या एका अडचणीभोवती फिरताना दिसतो.

यंत्र स्वतःसारखं यंत्र घडवू शकतं, याची मांडणी गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९४० च्या दशकातच सुरू केली होती. १९५३ मध्ये प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीच्या संगणकावर नील्स बॅरिचेली यांनी आकड्यांचे ‘जीव’ वाढवून पाहिले. त्या संगणकाची मेमरी जेमतेम ५ किलोबाइट होती. पुढे मे १९८४ मध्ये ए. के. ड्यूडनी यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधून ‘कोअर वॉर’ हा खेळ वाचकांसमोर आणला. त्यात दोन प्रोग्रॅम एकाच मेमरीत एकमेकांना संपवायला बघतात. सगळ्यात छोटा योद्धा एका ओळीचा: स्वतःला मेमरीतल्या पुढच्या घरात कॉपी करायचं आणि मग त्या घरातली ओळ चालवायची, एवढंच.

पण हे योद्धे माणसानं लिहिलेले होते आणि जसे लिहिले तसेच राहायचे. त्यांच्यात आपोआप बदल घडवायचे म्हटले तर कोड तिथंच कोलमडायचा. ‘अमुक घर पुढे उडी मार’ अशा सूचनेत तो आकडाच बदलला, की उडी भलतीकडेच पडते.

यातून वाट काढली ती टॉम रे यांनी. डेलावेअर विद्यापीठातले हे प्राध्यापक मूळचे जंगलातले. कोस्टा रिकाच्या वर्षावनात त्यांनी वेलींचा अभ्यास केला होता. प्रोग्रॅम स्वतःची नक्कल करू शकतो हे त्यांना हार्वर्डमध्ये शिकताना ‘गो’ खेळणाऱ्या एका माणसाकडून कळलं होतं, आणि ते त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. ‘टिएरा’ या आपल्या डिजिटल जीवांच्या जगासाठी त्यांनी एक काल्पनिक संगणक रचला. त्याच्या भाषेत सूचना फक्त ३२ ठेवल्या आणि घरांचे आकडे काढूनच टाकले. त्याऐवजी खुणा आणल्या. दोन सूचना अशा की त्या काहीच करत नाहीत. एक ‘०’ मानायची, दुसरी ‘१’ मानायची. जीवाच्या कोडमध्ये ‘००११’ ची हाक आली की तो आजूबाजूला त्याची उलटी खूण, म्हणजे ‘११००’ शोधतो आणि सापडेल तिथून पुढे चालू लागतो. पेशीतले रेणू एकमेकांना आकारावरून ओळखतात, तीच कल्पना रे यांनी इथं आणली.

सुरुवातीला त्यांनी ८० सूचनांचा एक जीव हातानं लिहिला. तो स्वतःची सुरुवात आणि शेवट शोधून लांबी मोजायचा, तेवढी जागा मागायचा, कॉपी करायचा आणि पिल्लू वेगळं करायचा. जागा भरली की ‘रीपर’ हा जीवांना मारणारा भाग साधारणपणे सगळ्यात जुन्यांना उचलायचा. ३ जानेवारी १९९० च्या रात्री हा जीव चालू झाला. दुसरा जीव लिहायची गरज रे यांना पडलीच नाही.

पहिलं बांडगूळ कसं जन्मलं, हे पाहण्यासारखं आहे. ‘११००’ ही खूण त्या जीवात कॉपी करणाऱ्या भागाच्या तोंडाशी होती. तिच्यातला एक बिट उलटला आणि ती झाली ‘१११०’. ही तर जीवाचा शेवट दाखवणारी खूण! त्यामुळे मोजताना त्याला आपली लांबी ८० ऐवजी ४५ वाटली आणि पिल्लू तेवढंच झालं. त्या पिल्लाकडे कॉपी करणारा भागच नव्हता. पण ‘००११’ ची हाक शाबूत होती. हाक शेजाऱ्याच्या ‘११००’ पर्यंत पोचली आणि पिल्लू शेजाऱ्याच्या कोडवर स्वतःच्या नकला काढू लागलं. ही युक्ती रे यांनी कुठंही लिहिलेली नव्हती.

मग या बांडगुळांना दाद न देणारे ७९ सूचनांचे यजमान आले. त्यांच्यापाठोपाठ बांडगुळाचाच प्रोसेसर पळवून त्याच्याकडून आपली कॉपी करून घेणारे आले. परक्या कोडवर न जगणारा सगळ्यात छोटा जीव २२ सूचनांचा निघाला.

टिएरात बक्षीस एकच, नक्कल. १९९३ मध्ये कॅलटेकला ख्रिस अदामी, चार्ल्स ओफ्रिया आणि टायटस ब्राउन यांनी ‘अविडा’ हे असंच दुसरं जग सुरू केलं. तिथं जीव आकडेमोड करून दाखवेल, तर त्याला प्रोसेसरचा जादा वेळ मिळतो. प्रत्येकाची मेमरी वेगळी असल्यानं शेजाऱ्याचा कोड सहज वापरता येत नाही. ‘नेचर’मध्ये २००३ साली रिचर्ड लेन्स्की आणि सहकाऱ्यांचा अविडातला प्रयोग आला. नऊ तार्किक क्रियांपैकी सगळ्यात अवघड क्रिया होती दोन आकड्यांचा बिट न् बिट सारखा आहे का ते पाहण्याची. सोप्या क्रियांनाही बक्षीस होतं, तेव्हा जीवांच्या ५० स्वतंत्र वस्त्यांपैकी २३ वस्त्यांना ती जमली. फक्त अवघड क्रियेलाच बक्षीस ठेवलं, तेव्हा एकाही वस्तीला जमली नाही.

त्यांनी एका वस्तीची वंशावळ पूर्वजापासून पायरी पायरीनं तपासली. १११ व्या पायरीला ती क्रिया आली. तिच्या लगेच आधीच्या बदलानं जीवाचं चांगलंच नुकसान झालं होतं, हातात असलेली एक सोपी क्रियाही गेली होती. संशोधकांनी तो बदल मागे घेऊन पाहिला, तर अवघड क्रियाही नाहीशी झाली.