मोंद्रियानची झाडे

डच चित्रकार पीट मोंद्रियान (१८७२–१९४४) याने साधारणपणे १९०८ ते १९१३ या काळात काढलेली झाडांची चित्रे. काळ्या उभ्या-आडव्या रेघा आणि लाल, पिवळे, निळे चौकोन एवढीच त्याची ओळख अनेकांना असते. हे सारे पट्टी धरून आखले असावे, असे वाटणाऱ्याने ही झाडे क्रमाने पाहावीत.

‘लाल झाड’ (१९०८–१०) अजून झाडच आहे. निळ्या संध्याकाळी पेटल्यासारखे उभे. १९११ साली ॲम्स्टरडॅममधील प्रदर्शनात पिकासो आणि ब्राक या चित्रकारांची घनवादी, म्हणजे वस्तूचे कोनाकोनांचे तुकडे करून मांडणारी चित्रे त्याच्या पाहण्यात आली. त्याच वर्षाच्या ‘करड्या झाडा’त लाल-निळे मावळले. खोडापासून फांद्या दोन्ही बाजूंना कमानीसारख्या वाकल्या आहेत. खरी मेख मात्र फांद्यांच्या मधल्या जागेत आहे. तिथले आकाश फांदीइतक्याच जाड रंगाने, तिच्याच वळणाने भरले आहे. त्यामुळे पुढे फांदी आणि मागे आकाश हा भेद उरत नाही. ‘फुललेले सफरचंदाचे झाड’ (१९१२) यात फूल शोधूनही सापडत नाही. उरतात एकमेकींना छेदणाऱ्या कमानी. ही तिन्ही चित्रे द हेगच्या कलासंग्रहालयात आहेत.

मराठवाड्यातल्या माणसाला हे पाहणे परके नाही. उन्हाळ्याच्या तोंडी बांधावरचे हिवराचे झाड पाने झडून उभे असते. मावळतीला त्याच्याकडे टक लावून पाहिले की आधी काळ्या फांद्या दिसतात. मग त्यांच्यामधले उजेडाचे तुकडे पुढे येतात आणि नजर त्यांतच गुंतते. ‘करडे झाड’ हे त्या दुसऱ्या पाहण्याचे चित्र आहे.

पैठणच्या मागावर याच्या उलट घडते. पैठणीची आसावली वेल धागे मोजून, रंगारंगाचे धागे गुंडाळलेल्या कांड्या फिरवून विणतात. लांबून पानाची कड गोल वाटते, पदर डोळ्यांजवळ धरला की तिच्यात बारीक पायऱ्या दिसतात. विणकराला काटकोन मागावरच मिळतो, त्यातून तो वेलीचे वळण काढतो. मोंद्रियानच्या हाती वळण आधी होते. काटकोनाकडे तो एकेक चित्र करत सरकला.

पॅरिसला गेल्यावर त्याची झाडे ‘रचना’ या नावाखाली येऊ लागली. १९१७ मध्ये डच चित्रकार थिओ व्हान डूसबर्खच्या पुढाकाराने ‘डी स्टाइल’ नियतकालिक निघाले, त्यात मोंद्रियान लिहू लागला. तोवर त्याच्या चित्रांत फांदीची कमानही राहिली नव्हती.