बर्फासारखा, पण बर्फ नव्हे

१,००० मीटर खोल समुद्रतळाशी पाणी साधारण ४ अंश सेल्सिअसला असतं. एवढ्यावर काही गोठत नाही. तरीही तिथल्या गॅस पाइपलाइनमध्ये पांढरा, घट्ट बोळा बसतो आणि वायूची वाट बंद होते. हा हायड्रेट. १९३४ साली हॅमरश्मिट या अमेरिकी संशोधकाने दाखवून दिलं, की पाइप तुंबवणारा हा पदार्थ साधा बर्फ नाही.

पाण्याचे रेणू एकमेकांना धरून पिंजरे बांधतात आणि आत नैसर्गिक वायूतला मिथेन कोंडला जातो. दाब भरपूर असला की हे पिंजरे गोठणबिंदूच्या बरेच वर टिकतात. १०० वातावरणांच्या दाबाला थेट १३ अंशांच्या आसपास. एक घनमीटर हायड्रेटमध्ये सुमारे १६० घनमीटर वायू मावतो. काडी लावा, हा 'बर्फ' पेटतो!

विहिरीतून वायू गरमच निघतो, तेव्हा ती ऊब जपायची. त्यासाठी पाइपावर आवरण चढवतात. पण साधा फोम खोल पाण्यात चेपून जातो, आणि त्यातली कोंडलेली हवा हीच तर त्याची करामत. म्हणून पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकमध्ये काचेचे पोकळ सूक्ष्म गोळे मिसळतात. नाहीतर पाइपात पाइप: बाहेरचा पाइप पाण्याचा दाब झेलतो, मधल्या कोरड्या फटीत एरोजेल हा अतिहलका, बहुतांशी हवेनेच भरलेला घन पदार्थ भरतात. त्यातून पोलादाच्या हजारांशाहूनही कमी उष्णता झिरपते. खरी डोकेदुखी जोडांची आणि व्हॉल्व्हची. तिथलं आवरण जरा उणं पडलं, की थंडी नेमकी तिथून शिरते.

आवरण ऊब निर्माण करत नाही, नुसती रोखून धरतं. प्रवाह थांबला की पाइप निवणारच, आणि वायूत उष्णता मावते ती मुळात थोडी. मिळतात ते काही तास. तेवढ्यात हायड्रेट जमू न देणारं मिथेनॉल किंवा ग्लायकॉल सोडायचं, नाहीतर दाब उतरवायचा. लांबच्या गॅस लाइनला तर ग्लायकॉल बहुधा कायमच लागतं.

आणि बोळा बसलाच तर? दाब कमी केला की हायड्रेट समुद्राच्याच उबेवर विरघळू लागतो. ४ अंशांचं ते पाणी आता त्याला गरम! पण इथे तेच जाड आवरण आडवं येतं, बाहेरची ऊब आत येऊ देत नाही, काम रेंगाळतं. घाई करून एकाच बाजूचा दाब काढला, तर भिंतीपासून सुटलेला बोळा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो आणि पुढच्या वळणावर पाइप फोडू शकतो. म्हणून दाब दोन्ही बाजूंनी, हळूहळू उतरवतात.