संकेत मोडला की कायदा: ब्रिटनच्या 'अलिखित' घटनेची पार्श्वभूमी

नागरिकशास्त्रात आपण घोकलेलं असतं: भारताची राज्यघटना लिखित, ब्रिटनची अलिखित. यातलं 'अलिखित' अर्धंच खरं. १६८९चं बिल ऑफ राइट्स, १७०१चा वारसाहक्काचा कायदा, असं लिहिलेलं तिथे भरपूर आहे. फक्त ते एका ग्रंथात बांधलेलं नाही. तसा प्रयत्नही एकदा झाला. पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाल्यावर, १६५३ साली, राजाविरुद्ध लढलेला सेनापती क्रॉमवेल याच्या राजवटीला लेखी घटना मिळाली. ती चार वर्षंही टिकली नाही, आणि १६६०मध्ये राजेशाहीच परत आली.

उरलेला कारभार चालतो संकेतांवर, म्हणजे कायद्यात नसलेल्या पण सगळ्यांनी पाळायच्या रिवाजांवर. संसदेने मंजूर केलेल्या विधेयकाला राजाने संमती नाकारल्याची शेवटची घटना १७०८ची, राणी ॲनच्या काळातली. आज राजा नकार देत नाही, कारण तसं करायचं नसतं, एवढंच.

पण समोरच्याने संकेत पाळलाच नाही तर? १९०९मध्ये अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी वृद्धांच्या पेन्शनसाठी आणि युद्धनौकांसाठी श्रीमंतांवर आणि जमिनींवर कर लावले. पैशाच्या विधेयकात लॉर्ड्सनी, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाने, हात घालायचा नाही, हा जुना रिवाज. जमीनदारांनी भरलेल्या त्या सभागृहाने मात्र अर्थसंकल्प ३५० विरुद्ध ७५ मतांनी फेटाळला. १९१०मध्ये दोन निवडणुका झाल्या. अखेर, लागतील तितके नवे लॉर्ड नेमायला पाचवा जॉर्ज तयार आहे हे कळलं, तेव्हा कुठे लॉर्ड्सचे अधिकार कमी करणाऱ्या विधेयकापुढे सभागृह नमलं. तेही १३१ विरुद्ध ११४ने. १९११च्या कायद्याने लॉर्ड्सचा नकाराधिकार गेला, विलंब करण्याचा अधिकार तेवढा उरला. भल्या माणसांच्या समजुतीवर चालणारी गोष्ट कायद्यात उतरली ती अशी, भांडणातून.

२०१९मध्ये बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून ब्रेक्झिटच्या तोंडावर संसद पाच आठवड्यांसाठी संस्थगित झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी ते बेकायदा ठरवलं आणि त्यासाठी, राजाला कायदा देईल तेवढेच अधिकार असतात, या थेट १६११च्या निवाड्यापर्यंत मागे गेले.

उलटा प्रवासही होतो. २०११मध्ये युतीतल्या दोन पक्षांचा एकमेकांवर भरवसा नव्हता, म्हणून संसदेची पाच वर्षांची मुदत कायद्याने बांधली गेली. तो कायदा गैरसोयीचा ठरला आणि २०२२मध्ये रद्द झाला. पंतप्रधानांनी विनंती करायची, राजाने संसद विसर्जित करायची, हा जुना परिपाठ परत आला. मे २०२४मध्ये ऋषी सुनक यांनी डाउनिंग स्ट्रीटवर भर पावसात निवडणूक जाहीर केली, ती याच परिपाठानुसार.